सही मिळणार नाही

लॉगबुक घेऊन जा. सहीसाठी ज्या पानावर तू पिवळी चिठ्ठी चिकटवून ठेवली होतीस, ते पान कोरं आहे आणि तूर्त कोरंच राहील. येत्या सोमवारची इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चेकराइड मी एक्झामिनरला फोन करून रद्द केली. तुला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू गयावया केली असतीस आणि या विषयात गयावया ऐकून घ्यायची नसते.

आज सकाळी आपण दोन तास समोरासमोर बसलो. पहिला प्रश्न मी मुद्दाम सोपा काढला. आयएलएसवर खाली येतोयस, डिसिजन अल्टिट्यूडला पोचलास, धावपट्टी दिसत नाही, पण अप्रोच लाइट दिसतायत. काय करशील? तू दोन क्षण माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "ऑप्शन्स काय आहेत, मॅडम?"

त्या एका वाक्यानं मला तुझा तीन महिन्यांचा सगळा अभ्यास दिसला. लेखी परीक्षेत 60 प्रश्न असतात, अडीच तास मिळतात, 70 टक्क्यांना पास. तुला 88 पडले, तू तो कागद घरी फोटो काढून पाठवलास, सगळ्यांनी कौतुक केलं. मी त्या दिवशी काही बोलले नाही, ती माझी चूक. तू प्रश्नसंच मोबाइलवर चार वेळा संपवलास. आता तुला प्रश्नाची पहिली ओळ दिसली की उत्तराचं अक्षर आठवतं. नियम मात्र तू एकदाही मूळ पुस्तक उघडून वाचला नाहीस. तुझं ते जाडजूड नियमांचं पुस्तक माझ्या टेबलावर आहे. त्याच्या कडा अजून पांढऱ्याशुभ्र आहेत, आणि पार्ट 91 ची पानं एकमेकांना चिकटलेली मी आज बोटांनी सोडवली.

आता त्या प्रश्नाचं उत्तर ऐक. डिसिजन अल्टिट्यूडच्या खाली जायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. विमान अशा जागी हवं की खाली येण्याच्या नेहमीच्या वेगानं आणि नेहमीच्या हालचालींनी धावपट्टीवर उतरता येईल. दृश्यमानता त्या अप्रोचला लागते तेवढी हवी, आणि ती कॉकपिटमधून तुला दिसते ती, टॉवरनं सांगितलेली नव्हे. आणि नियमात दिलेल्या यादीतली एक तरी खूण ओळखू यायला हवी. त्या यादीत अप्रोच लाइट आहेत, पण अट घालून आहेत: नुसत्या त्यांच्या जोरावर तू टचडाउन झोनच्या वर 100 फुटांपर्यंतच जाऊ शकतोस. त्याच्या खाली जायचं तर त्याच दिव्यांमधले लाल पट्टे स्पष्ट दिसायला हवेत, किंवा धावपट्टी, तिचा उंबरठा, तिचे दिवे असं काहीतरी. नाहीतर त्याच क्षणी पॉवर, नाक वर, मिस्ड अप्रोच.

आता हे घड्याळावर मांड. आपल्या विमानाचा ग्राउंड स्पीड 90 नॉट धर. तीन अंशांच्या उतारावर तू मिनिटाला साधारण 480 फूट खाली येतोस, म्हणजे सेकंदाला आठ फूट. डिसिजन बहुधा 200 फुटांवर असतो. तिथून त्या 100 फुटांच्या रेषेपर्यंत तुझ्याकडे साडेबारा सेकंद आहेत. मला प्रश्न विचारायलाच सात-आठ सेकंद लागले, आणि उत्तर म्हणून तू पर्याय मागितलेस. तिथे खाली पाहशील तेव्हा पर्याय छापलेले नसतील.

दुसरा प्रश्न घे, कारण त्यावर मी सर्वांत जास्त चिडले. उड्डाणात रेडिओ गेला तर काय? तू ताबडतोब पोपटासारखा सुरू झालास: ट्रान्सपाँडर 7600, मार्गासाठी असाइन्ड, व्हेक्टर्ड, एक्स्पेक्टेड, फाइल्ड, उंचीसाठी मिनिमम, एक्स्पेक्टेड, असाइन्ड यांतली सगळ्यात जास्त. सगळं अचूक. मी नकाशा पुढे सरकवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, आता उडून दाखव. एटीसीनं तुला 4,000 फूट दिलेत आणि सांगितलंय की दहा मिनिटांनी 7,000 ची अपेक्षा ठेव. लगेच रेडिओ मेला. सध्याच्या टप्प्याची किमान उंची 3,500, पुढच्या टप्प्याची 9,000, त्याच्या पुढच्याची 5,000. तू कुठे किती उंचीवर असशील?

तू ताबडतोब 9,000 ला चढलास आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलास. का, विचारलं तर म्हणालास, "सगळ्यात जास्त तेच आहे ना." सूत्र पाठ होतं, पण त्या सूत्राच्या शेजारी नियमात लिहिलेले शब्द तू वाचलेच नव्हतेस: प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा विचार. पहिली दहा मिनिटं 4,000. दहा मिनिटं भरली की 7,000. किमान 9,000 चा टप्पा आला की 9,000. तो टप्पा संपला की परत 7,000, कारण आता किमान 5,000 आणि अपेक्षित 7,000 यांत मोठं तेच. तू 9,000 वर रेंगाळत राहिलास त्या आकाशात एटीसीनं दुसरं कुणीतरी आणलेलं असू शकतं. तो कंट्रोलर पडद्यावर तुझा 7600 पाहतोय, तुझ्याशी त्याला बोलता येत नाही, म्हणून त्यानंही हाच नियम मनात म्हटलाय आणि या नियमाप्रमाणे तू जिथे असायला हवास तेवढीच जागा त्यानं तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय. तुमच्या दोघांत आता एकच भाषा उरलीय, आणि ती भाषा म्हणजे हा नियम. तू तो अर्धवट वाचलास तर त्यानं कितीही नीट वाचून उपयोग नाही.

आणि याहून मोठी चूक त्याच्याही आधीची. त्या नियमाची पहिली पायरीच तुझ्या सूत्रात नाही. रेडिओ गेला आणि तू स्वच्छ हवेत असलास, किंवा नंतर स्वच्छ हवेत आलास, तर नजरेनं उडत राहा आणि व्यवहार्य होईल तितक्या लवकर उतर. मी हवामानाबद्दल एक शब्दही बोलले नव्हते आणि तुला विचारावंसंही वाटलं नाही. बाहेर बघून मग नियम लावायचा, हे ज्याला सुचत नाही त्याला नियम येतो असं मी कसं म्हणू?

गेल्या सोमवारच्या उड्डाणात होल्डिंगचा क्लिअरन्स तू वाचून दाखवलास. मी शेजारून तुझ्या मांडीवरच्या पॅडकडे पाहत होते. फिक्स लिहिलास, रेडियल लिहिला, दिशा लिहिली. पुढचा क्लिअरन्स कधी मिळेल ती वेळ लिहिली नाहीस. तुला वाटलं ती शोभेची ओळ आहे. त्या क्षणी रेडिओ गेला असता तर त्या फिक्सवरून कधी निघायचं हे तुला कळलं नसतं, आणि तू कधी निघशील हे खालच्या माणसाला कळलं नसतं. म्हणून एटीसीला ती वेळ द्यावीच लागते, आणि नाही दिली तर तू मागून घ्यायची असते. एवढं साधं आहे.

त्याच होल्डमध्ये पश्चिमेचा वारा होता. तू तीन फेऱ्या मारल्यास आणि तिन्ही वेळा बाहेर जाणारा लेग डोळे मिटून एक मिनिट केलास. 14,000 फुटांपर्यंत एक मिनिट हवं ते आत येणाऱ्या लेगला. बाहेरचा लेग तुला वाऱ्याप्रमाणे लहान-मोठा करायचा असतो, म्हणजे आतला एक मिनिटावर बसतो. आणि आतल्या लेगला जेवढी वाऱ्याची दुरुस्ती लागली त्याच्या तिप्पट बाहेरच्या लेगला का द्यायची, हे विचारलं तेव्हा तू म्हणालास, "तसा रूल आहे." वळणांत तुला दुरुस्ती करता येत नाही, वारा दोन्ही वळणांत तुला वाहून नेतो. त्या दोन वळणांचं आणि स्वतः बाहेरच्या लेगचं, असं तिघांचं देणं एकट्या बाहेरच्या लेगला फेडावं लागतं. म्हणून तिप्पट. हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही आणि मग विसरताही येत नाही.

आता मी तुला एक अपघात सांगणार आहे आणि तो तू नीट ऐकायचा आहेस. 1 डिसेंबर 1974. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं फ्लाइट 514, बोइंग 727. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर जायचं होतं, तिथे वारा फार म्हणून डलेसकडे वळवलं. हवा वाईट, ढग खाली. विमान 7,000 फुटांवर होतं, डलेसपासून अजून 44 मैल लांब. कंट्रोलरनं त्यांना रनवे 12 च्या अप्रोचचा क्लिअरन्स दिला. वैमानिकांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता चार्टवरच्या शेवटच्या उंचीपर्यंत, म्हणजे 1,800 फुटांपर्यंत, आपण उतरू शकतो. डोंगर असता तर कंट्रोलरनं सांगितलंच असतं. कंट्रोलरला वाटलं, उंची सांभाळणं हे आता वैमानिकाचं काम. चार्टच्या वरच्या भागात त्या टप्प्याला 3,400 फूट लिहिलेले होते, कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं. तरी ते उतरत गेले. माउंट वेदर नावाच्या डोंगराच्या पश्चिम उतारावर, 1,670 फुटांवर, विमान आदळलं. 92 माणसं होती. एकही वाचलं नाही.

तपास मंडळातही एकमत झालं नाही, तिघे एकीकडे, दोघे एकीकडे. पण ज्या नियमाचा आकडा तू परवा विसरलास, तो त्या डोंगरावरून आलाय: प्रकाशित नसलेल्या मार्गावर असताना किंवा रडार व्हेक्टरवर असताना अप्रोचचा क्लिअरन्स मिळाला, तरी प्रकाशित मार्गाच्या किंवा अप्रोचच्या टप्प्यावर स्थिर होईपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही. आणि आणखी एक. याच ठिकाणी, याच गैरसमजातून, सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान असंच खाली गेलं होतं आणि थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, इतरांपर्यंत ती गोष्ट पोचली नाही. म्हणून नंतर नासाकडे ती व्यवस्था आली जिथे वैमानिक आपली चूक आपणहून कळवू शकतो. तुझ्या पुस्तकात तो एक कोरडा परिच्छेद आहे. तू त्यावर पिवळा मार्कर ओढलास आणि पान उलटलंस.

तू इथे फ्लोरिडात शिकतोयस. इथे डोंगर नाहीत. उंचीचा नियम मोडला तर इथे हजार-दीड हजार फुटी टीव्हीचे मनोरे आहेत, पण ते तुला दिसतात, म्हणून तुझ्या मनात भीती बसलेली नाही. किमान उंची म्हणजे तुझ्या लेखी चार्टवरचा एक आकडा. तुला परत जाऊन पुण्यात, नाशकात उतरायचं आहे. सह्याद्री तुझ्या ओळखीचा आहे, पण जुलैमध्ये तो ढगाच्या आत असतो. तिथे क्यूएनएच हेक्टोपास्कलमध्ये मिळेल, दृश्यमानता मीटरमध्ये मिळेल, ट्रान्झिशन अल्टिट्यूड इथल्यासारखी सगळीकडे 18,000 नसेल, त्या-त्या चार्टवर वाचावी लागेल. होल्डिंगचे वेगही वेगळे. तिथले हवाई नियमांचे पेपर तुला वेगळे द्यायचे आहेत. इथे आकडे पाठ केलेस तर तिथे ते आकडे तुझा घात करतील. इथे कारण समजून घेतलंस तर तिथे फक्त आकडा बदलावा लागेल.

चरखी दादरीचं नाव तुला माहीत आहे, तुझ्या जन्माच्या आधीचं असलं तरी. 12 नोव्हेंबर 1996. सौदी विमानाला 14,000 फूट दिलेले, कझाक विमानाला 15,000. मध्ये फक्त हजार फूट आणि दोघांवरचा विश्वास. कझाक विमान आपल्या उंचीखाली आलं. 349 माणसं. ढगात दोन विमानं एकमेकांना दिसत नसतात. दोघांनी दिलेली उंची पाळली, एवढ्याच भरवशावर दोन्हीतली माणसं जिवंत असतात. तू शुक्रवारी दिलेल्या उंचीपासून 250 फूट वर गेलास आणि मी सांगितल्यावर म्हणालास, "थोडंसंच होतं." चेकराइडला मर्यादा 100 फुटांची आहे, पण मी चेकराइडबद्दल बोलत नाहीये. तो शब्द, "थोडंसंच", तू पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाहीस.

पर्यायी विमानतळाचा नियम तुला येतो, त्याबद्दल मी वेळ घालवत नाही. पोचण्याच्या एक तास आधी ते एक तास नंतर, 2,000 फूट छत, तीन मैल दृश्यमानता, हे तू नीट सांगितलंस. 600 आणि 800 फूट छताचे आकडेही सांगितलेस. फक्त हे लक्षात ठेव की ते आकडे योजना आखताना लागतात. प्रत्यक्ष तिथे पोचलास की त्या अप्रोचचे छापील मिनिमा. आणि 45 मिनिटांचं इंधन हे पर्यायी विमानतळावर पोचल्यानंतरचं आहे. पुढे.

व्हीओआर तपासणीबद्दल मात्र तू जे बोललास ते मला आवडलं नाही. 30 दिवसांत तपासलेला हवा, जमिनीवर चार अंशांपर्यंत, हवेत सहापर्यंत फरक चालतो, हे सांगून झाल्यावर तू म्हणालास, "पण मॅडम, आता जीपीएस आहे, हे कोण करतं?" मी करते. दर महिन्याला करते. तारीख, जागा, फरक आणि सही, असं वहीत लिहिते, कारण नियम ते लिहायला सांगतो. जीपीएसचा सिग्नल जाम होतो, जगात ठिकठिकाणी होतोय. त्या दिवशी तुझ्याकडे ती जुनी सुईच उरेल आणि ती खरं बोलतेय की खोटं, हे तुला आधीच माहीत असायला हवं. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, ही म्हण तुला आजीनंच शिकवली असेल.

आता जे मी कुणासमोर बोलले नाही ते बोलते. बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर चढवलेल्या फॉगल्सच्या कडेवरून तू बाहेर बघतोस.

मला वाटलं सुरुवातीला मान अवघडली म्हणून हलवतोयस. मग माझ्या लक्षात आलं की दर वेळी वळण संपता-संपता तुझी हनुवटी एक इंच वर जाते, आणि नेमकं त्यानंतर पंख सरळ होतात. तुझ्या लॉगबुकात इन्स्ट्रुमेंटचे 41 तास आहेत, नियमाला 40 पुरतात. त्यातले खरे किती? मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. हा सगळ्यांत वाईट भाग आहे.

1954 साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. ज्यांना उपकरणांवर उडता येत नाही अशा 20 जणांना दिसेनासं करून उडायला लावलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी 178 सेकंदांत. एकाचा तर 20 सेकंदांत. ती माणसं मूर्ख नव्हती. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधलं द्रव वळण सुरू झाल्यावर हलतं, पण तेच वळण वीसेक सेकंद तसंच राहिलं की द्रव नळीच्या वेगाला पोचतं आणि मेंदूला सांगतं की आपण सरळ आहोत. मग तू पंख खरंच सरळ केलेस की तेच द्रव ओरडतं, उलट्या बाजूला कलंडतोयस. शरीर खोटं बोलतं आणि फार पटेल असं बोलतं. त्याला गप्प बसवायला 40 तास दिलेत. ज्या-ज्या वेळी तू कडेवरून क्षितिज चोरलंस, त्या-त्या वेळी तू शरीराला म्हणालास की तुझं खरं, सुईचं खोटं. ढगात चोरायला क्षितिज नसतं.

तुला वाटेल मॅडम आज जास्तच बोलल्या. म्हणून मी माझीही एक गोष्ट सांगते, जी मी विद्यार्थ्यांना सहसा सांगत नाही. मी इन्स्ट्रक्टर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी एका मुलाच्या लॉगबुकात सही केली. तुझ्यासारखाच होता, हात सुंदर, पार्शल पॅनलवर, म्हणजे काही उपकरणं बंद धरून उडण्यात, मात्र कच्चा. त्याचा व्हिसा संपत आला होता, मला दया आली. मी स्वतःला समजावलं की एक्झामिनर बघेल. एक्झामिनरनं त्या दिवशी नेमकं जे त्याला येत होतं ते विचारलं. तो पास झाला. तीन महिन्यांनी ढगात त्याच्या विमानाचा व्हॅक्यूम पंप गेला. अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर एकदम बंद पडत नाही, तो हळूहळू कलंडतो, आणि तो मुलगा त्याच्या मागे-मागे कलंडत गेला. टर्न कोऑर्डिनेटर खरं सांगत होता, पण त्याकडे बघायची सवय मी त्याला लावली नव्हती. नशिबानं ढगाचा तळ 900 फुटांवर होता. तो एका पंखावर आडवा होऊन त्यातून बाहेर पडला, झाडं दिसली आणि सावरला. त्या रात्री त्यानं मला फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही, मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. तो वाचला तो ढगाचा तळ उंच होता म्हणून. माझ्या सहीनं त्याला वाचवलं नाही.

त्या दिवसापासून माझी सही म्हणजे दयेचा कागद नाही. तिथे मी लिहून देते की या माणसाला मी शिकवलंय, लेखी परीक्षेत जिथे चुकला ते त्याच्याकडून परत करून घेतलंय आणि हा तयार आहे. तुझ्या निकालाच्या कागदावर सात चुकांचे सात कोड आहेत. मी ते उघडून बघितले. दोन लॉस्ट कम्युनिकेशनचे आहेत, एक होल्डिंगचा, एक अप्रोच मिनिमाचा. आज जिथे-जिथे तू अडलास तिथे कोड आधीच बोट दाखवत होता. तू 88 पाहिलंस, खालची ओळ वाचली नाहीस.

काल तुझ्या वडिलांचा फोन आला होता. तू त्यांना सांगितलंस की मॅडम उगाच अडवतायत. ते माझ्याशी फार आदबीनं बोलले, "ताई, पोरगं हुशार आहे, जरा बघा." दोन एकर विकल्याचं त्यांनी सांगितलं नाही, ते मला तुझ्याकडून आधीच माहीत होतं. मी त्यांना विचारलं, तुम्ही एसटीत तीस वर्षं गाडी चालवलीत, पावसाळ्यात माळशेजला धुकं उतरलं की काय करायचात? म्हणाले, दिवे लावून डोंगराच्या बाजूला गाडी उभी करायची, पॅसेंजर कितीही ओरडू देत. मी म्हटलं, दादा, तुमच्या मुलाला गाडी उभी करता येणार नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही म्हणाल तसं." तुझ्या बाबतीत एवढा वेळ गप्प राहून विचार केलेला माणूस मला आजवर तेवढाच भेटलाय.

मी तुझ्यावर चिडले, कारण तुझा हात खरंच चांगला आहे. लोकलायझरची सुई तू धरतोस तशी माझ्याकडे आत्ता कुणी धरत नाही. हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं. ज्याचा हात वाईट आहे तो घाबरून अभ्यास करतो. ज्याचा चांगला आहे त्याला वाटतं हात भागवून नेईल.

आता कामाचं. मोबाइलवरचा प्रश्नसंच आजच काढून टाक, माझ्यासमोर. पार्ट 91 मधले इन्स्ट्रुमेंटचे नियम, 91.167 पासून 91.187 पर्यंत, हातानं मराठीत लिहून काढायचे, तुझ्या शब्दांत, प्रत्येकाखाली दोन ओळी: हा नियम नसता तर काय झालं असतं. भाषांतर नको, समजलेलं हवं. एखाद्या नियमाचं कारण सापडलं नाही तर जागा रिकामी सोड, ती आपण बसून भरू. सात कोडांसाठी वेगळं पान.

गुरुवारी सकाळी सहाला ये. चार्ट कागदावर छापून आण, टॅब्लेट खोलीवर ठेव. टाचण घेऊन ये, ढगाच्या वेळा मी बघून ठेवते. छत 600 च्या आसपास असेल तर आपण खऱ्या ढगात जाऊ, आणि फॉगल्स मी बॅगेतून काढणारच नाही. तिथे मी तुझा अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर झाकेन. कधी झाकेन ते सांगणार नाही. त्यानंतर रेडिओ बंद झाला असं धरून तू मला कुठे, किती उंचीवर आणि किती वाजता जाशील ते तोंडानं सांगायचं, मी मध्ये काही बोलणार नाही.

लॉगबुक टेबलाच्या कोपऱ्यावर आहे. चिठ्ठी तशीच राहू दे.